जुने इंजिन, नवी मोटार : एका छोट्या वादाचा आढावा

छोट्या रुळांवर धावणाऱ्या नमुना-आगगाड्यांचा छंद ज्यांनी दुरूनच पाहिला आहे, त्यांना मुठीत मावणाऱ्या एका यंत्रावरून जाणती, वयस्क माणसे वर्षानुवर्षे वाद घालीत बसतात ही गोष्ट काहीशी गमतीची वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या घरात पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे एखादे इंजिन माळ्यावरच्या पेटीतून उतरवून रुळांवर ठेवले गेले, वीज सोडताच ते क्षणभर गुरगुरले, तापलेल्या तेलाचा वास खोलीभर पसरला आणि चाके मात्र तसूभरही हलली नाहीत, त्या घरात हा प्रश्न आपोआप उभा राहतो, की आतली मोटार दुरुस्त करावी, का ती काढून तिच्या जागी नवी बसवावी. वरवर पाहता हा कारागिराच्या हातचा साधा प्रश्न आहे. पण वस्तूचे मूळपण तिच्या कोणत्या भागात वसते, ती जपण्यासाठी आहे की चालवण्यासाठी, आणि आज केलेल्या फेरफाराची जबाबदारी उद्याच्या मालकापर्यंत कशी पोचवायची, असे अनेक पोटप्रश्न त्यात दडलेले असल्याने तो अद्याप निकालात निघालेला नाही.

प्रस्तुत आढाव्याची मर्यादा प्रथमच सांगितलेली बरी. नमुना-रेल्वेची प्रमाणे अनेक आहेत. येथे मुख्यतः ब्रिटनमध्ये रूढ झालेल्या 'डबल ओ' प्रमाणाचा विचार केला आहे. त्यात खऱ्या गाडीच्या एका फुटाला चार मिलिमीटर धरतात, रुळांमधील अंतर साडेसोळा मिलिमीटर असते आणि मोटार बारा व्होल्टच्या एकदिश विजेवर चालते. जर्मनीच्या मेर्कलिन गाड्यांची हकीकत काहीशी निराळी असल्यामुळे तिचा उल्लेख तुलनेपुरता येईल.

१. पार्श्वभूमी

टेबलावर मांडता येईल एवढी लहान आगगाडी ही कल्पना ब्रिटनमध्ये १९२२ साली आली, ती न्यूरेंबर्गच्या बिंग कारखान्यात तयार होऊन नॉर्दॅम्प्टनच्या बॅसेट-लोक या पेढीमार्फत विकल्या गेलेल्या गाड्यांच्या रूपाने. तिला खरी प्रतिष्ठा लाभली ती १९३८ मध्ये, जेव्हा लिव्हरपूलच्या बिन्स रोडवरील मेकॅनो कंपनीने 'हॉर्नबी डब्लो' या नावाने आपली मालिका बाजारात आणली. त्या मालिकेतील पहिल्या इंजिनांपैकी एक 'सर नायजेल ग्रेस्ली' हे 'ए फोर' वर्गातील निमुळत्या मुखाचे इंजिन होते. या डब्लो इंजिनांत मोटार हा सुटा जिन्नस नव्हताच. ओतीव चॅसी हीच मोटारीची चौकट, तिच्यातच चुंबक बसवलेला आणि तिच्याच पोटात आर्मेचर, म्हणजे मोटारीचा तारा गुंडाळलेला गाभा, फिरणारे, अशी रचना होती. तेव्हा त्या इंजिनाची मोटार बदलणे म्हणजे त्याचा कणाच कापणे होय, ही गोष्ट पुढील वादाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

युद्धोत्तर काळात लाइन्स ब्रदर्स या खेळणी-व्यवसायातील मोठ्या कंपनीने १९५१ साली रोव्हेक्स नावाची लहान कंपनी विकत घेऊन ट्राय-अँग या नावाखाली स्वस्त, प्लॅस्टिकच्या कायेची इंजिने काढली आणि १९५४ पासून त्यांचे उत्पादन मार्गेट येथील नव्या कारखान्यात सुरू झाले. येथे विचार वेगळा होता. 'एक्स ०४' या नावाने ओळखली जाणारी त्यांची मोटार स्वतंत्र, उघड्या चौकटीची आणि तीन ध्रुवांची असे. स्क्रू सैल केला की ती संपूर्ण हातात येई, आणि एकाच जातीची मोटार कितीतरी निरनिराळ्या इंजिनांत बसत असे. १९६४ मध्ये लाइन्स ब्रदर्सने मेकॅनो कंपनीच ताब्यात घेतली आणि हे दोन प्रतिस्पर्धी संप्रदाय एका छत्राखाली आले; १९७१ मध्ये ते छत्रही कोसळले, तथापि हॉर्नबी हे नाव नव्या मालकांच्या हाती टिकून राहिले.

पुढे वर्तुळाकार चुंबकाच्या पोटात आर्मेचर फिरवणारी 'रिंगफील्ड' मोटार आणि ती इंजिनाऐवजी मागच्या टेंडरात, म्हणजे कोळशाच्या डब्यात, बसवण्याची पद्धत प्रचारात आली. इटलीतील व्हिचेंझा येथील लिमा कंपनीने भाकरीसारख्या चपट्या मोटारीची स्वस्त इंजिने युरोपभर विकली. शतकाच्या अखेरीस ब्रिटिश मालाचे उत्पादन चीनकडे गेले, तेव्हा त्याबरोबर बंद डबीची, पाच ध्रुवांची, मंद गतीतही संथपणे चालणारी मोटार आली. या नव्या इंजिनाशेजारी जुने इंजिन त्याच रुळांवर उभे राहिले आणि तुलना अटळ झाली. तोपर्यंत ज्याची चाल 'ठीक' वाटत होती, ते आता हिसके देत निघणारे आणि थांबताना धाडकन थांबणारे वाटू लागले. वादाला खरे तोंड फुटले ते येथून.

२. बिघाडाची रुजुवात

मोटार बदलण्याच्या निर्णयापूर्वी ती खरोखर बिघडली आहे काय, याची रुजुवात करावी लागते, आणि येथे दोन्ही पक्षांचे जाणते लोक एकमताने सांगतात की पुष्कळ मोटारींवर दुसऱ्यांच्या अपराधांचा ठपका येतो. रुळांवरून वीज उचलणाऱ्या पट्ट्या मळलेल्या असतात, चाकांच्या कडांवर काळा थर बसलेला असतो, जुने तेल वाळून त्याची खळ झालेली असते, एखादा जोडदांडा वाकलेला असतो किंवा चाक आसावर किंचित फिरलेले असते. यांतील कोणत्याही कारणाने इंजिन अडखळते, आणि मालक मात्र मोटारीला दोषी ठरवून मोकळा होतो.

मोटारीचे स्वतःचे दोष मोजकेच आहेत. पहिला कार्बनच्या ब्रशांचा : ते झिजतात, त्यांना दाबून धरणारी स्प्रिंग उष्णतेने आपला ताण गमावते, आणि झडलेली कार्बनची भुकटी कॉम्युटेटरच्या, म्हणजे ब्रश ज्यावर घासतात त्या फिरत्या कड्याच्या, फटींत साचून विजेला आडवाट करून देते. दुसरा वाइंडिंगचा : एखाद्या ध्रुवावरील तार जळाली किंवा तुटली की तीन ध्रुवांचे आर्मेचर ठरावीक स्थितीत अडून बसते आणि बोटाने ढकलल्याशिवाय पुन्हा सुरू होत नाही. तिसरा दोष चुंबकाचा, आणि तो सर्वांत फसवा. चुंबकाची शक्ती घटली म्हणजे मोटार मंदावेल अशी आपली स्वाभाविक अपेक्षा असते. प्रत्यक्षात चुंबक क्षीण झालेली मोटार हातात धरली तर पूर्वीपेक्षा अधिक जोराने फिरते, मात्र तिचा ओढा कमी होतो, ती वीज जास्त पिते आणि डबे जोडताच तापू लागते. नुसत्या फिरण्याच्या वेगावरून मोटारीची पारख करणारा मनुष्य म्हणूनच हटकून चुकतो.

या तिसऱ्या दोषाचे मूळ पुष्कळदा दुरुस्तीतच असते. जुने चुंबक अ‍ॅलनिको या अ‍ॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्टच्या मिश्रधातूचे असत. असा चुंबक त्याच्या लोखंडी बाजूंपासून अलग केला आणि त्याच्या ध्रुवांना जोडणारा पोलादी तुकडा त्याच क्षणी लावला नाही, तर त्याची शक्ती तेथल्या तेथे घटते. स्वच्छतेच्या उत्साहात मोटार पूर्ण सुटी करणाऱ्या किती मालकांनी आपल्या हातांनी ती दुबळी केली असेल, याची गणती कोणी ठेवलेली नाही.

३. पहिला पक्ष : मूळ मोटार राखावी

संरक्षणवादी म्हणता येईल अशा या पक्षाची कैफियत तीन मुद्द्यांवर उभी आहे. पहिला मुद्दा दस्तऐवजाचा. जुने इंजिन हे त्या काळच्या कारखानदारीचे, किमतीच्या गणिताचे आणि कारागिरीच्या मर्यादांचे दस्तऐवज आहे. त्यातील मोटार काढली तर वरची रंगीत काया तेवढी शिल्लक राहते, आणि मजकूर खरवडून नुसते पाकीट जपल्यासारखे होते. स्मारकांच्या संरक्षणाविषयी १९६४ साली तयार झालेल्या व्हेनिस सनदेत मूळ द्रव्याचा आदर राखावा आणि नव्याने घातलेला भाग मुळापासून ओळखू येईल असा असावा, हे तत्त्व मांडले आहे. ती सनद अर्थातच इमारतींसाठी आहे, तथापि तिच्यातील न्याय लहान वस्तूंनाही लागू पडतो असे या पक्षाचे म्हणणे.

दुसरा मुद्दा दुरुस्तीयोग्यतेचा आहे, आणि तो केवळ भावनेचा म्हणून बाजूला सारता येण्याजोगा नाही. उघड्या चौकटीच्या मोटारीतील प्रत्येक अवयव डोळ्यांना दिसतो आणि हाताला लागतो. ब्रश बदलता येतात, स्प्रिंग बदलता येते, बेअरिंगजवळच्या नमद्याच्या गादीला तेलाचा थेंब देता येतो, आर्मेचर काढून दुसरे घालता येते. बंद डबीची नवी मोटार आज कितीही गुळगुळीत चालली तरी तिचे ब्रश संपले म्हणजे बहुधा ती फेकूनच द्यावी लागते. आपल्याकडे पंख्याची किंवा पाण्याच्या पंपाची मोटार जळाली की ती री-वाइंडिंगला टाकण्याची रीत अंगवळणी पडलेली असल्याने या युक्तिवादाचे मर्म मराठी वाचकाला निराळे समजावून सांगावे लागू नये.

तिसरा मुद्दा अनुभवाचा. जुन्या मोटारीची घरघर, ओझोनचा तो विशिष्ट वास, ब्रशांखालून निसटणाऱ्या ठिणग्यांचा निळसर प्रकाश, हे सर्व ज्यांच्या बालपणाशी निगडित आहे त्यांच्या दृष्टीने ते दोष नसून त्या वस्तूचा स्वभाव आहे. निःशब्द चालणारे जुने इंजिन त्यांना ओळखीच्या माणसाच्या तोंडून अनोळखी आवाज निघावा तसे वाटते.

४. दुसरा पक्ष : नवी मोटार बसवावी

चालकपक्ष म्हणता येईल अशा दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की इंजिन म्हणजे चालणारे यंत्र. न चालणारे इंजिन ही त्याची मूर्ती फार तर म्हणता येईल. खऱ्या रेल्वेचा दाखला ते आवर्जून देतात. डॉन्कॅस्टर येथे १९२३ साली बांधलेले 'फ्लाइंग स्कॉट्समन' हे इंजिन पुढे १९४७ मध्ये निराळ्या वर्गात रूपांतरित झाले आणि आपल्या आयुष्यात त्याने अनेकवार बॉयलर बदलले. किंबहुना कार्यशाळेत आलेल्या इंजिनाला तयार असेल तो बॉयलर देऊन लवकर रवाना करणे हीच त्या काळची रीत होती. एवढ्या फेरफारांनंतरही ते इंजिन तेच मानले जाते. मग अंगठ्याएवढ्या मोटारीने त्याच्या प्रतिमेचे मूळपण कसे हरपते, असा त्यांचा सवाल आहे.

तांत्रिक बाजूने त्यांची भूमिका भक्कम आहे. तीन ध्रुवांच्या आर्मेचरला एका फेऱ्यात मोजकेच धक्के मिळत असल्याने मंद गतीत ते हिसके देते. पाच ध्रुव असले, आणि त्यांच्या खाचा किंचित तिरक्या कापलेल्या असल्या, की हे धक्के एकमेकांत विरघळून चाल सलग होते. त्याहून पुढची पायरी म्हणजे लोखंडी गाभाच नसलेली मोटार. जर्मनीतील फ्रिट्झ फाउलहाबर यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस तिरप्या वेटोळ्यांचे, स्वतःच्या आधारावर उभे राहणारे गुंडाळे सिद्ध केले, आणि त्यावर आधारलेल्या मोटारी अत्यंत हलक्या, चुंबकाच्या ओढीने कोठेही न अडखळणाऱ्या आणि फार थोडी वीज घेणाऱ्या असल्यामुळे पितळी नमुने घडवणाऱ्या जाणकारांत त्यांचा विशेष लौकिक आहे. जपानच्या माशिमा कंपनीच्या लहान, चौकोनी डब्यांच्या मोटारींनीही बराच काळ या क्षेत्राची गरज भागवली. लिमाच्या चपट्या मोटारीच्या जागी सीडी वाजवणाऱ्या यंत्रांतील मोटारी बसवण्याचा स्वस्त उपायही पुष्कळांनी यशस्वी केला. मात्र त्यांतील अनेक मोटारी कमी दाबासाठी बनवलेल्या असल्याने बारा व्होल्टवर त्यांना जपावे लागते.

या पक्षाची आणखी एक बाजू सौंदर्याची आहे. जुनी मोटार आकाराने मोठी असल्याने चालकाच्या केबिनमध्ये किंवा बॉयलरखालच्या मोकळ्या जागेत ती घुसलेली दिसते; लहान मोटार बसवली की केबिन रिकामी होते, तीत चालकाची प्रतिमा उभी करता येते आणि बॉयलरखालून पलीकडचा प्रकाश दिसतो, जसा तो खऱ्या इंजिनात दिसतो. हुबेहूबपणाचा ज्यांना सोस आहे त्यांच्या लेखी एवढे एकच कारण पुरेसे असते.

५. मधले मार्ग

दोन टोकांच्या मध्ये ज्या तजविजी रूढ झाल्या आहेत, त्यांतील सर्वांत सोपी चुंबक बदलण्याची. निओडिमियमचे प्रबळ चुंबक १९८०च्या दशकात अस्तित्वात आले. जुन्या चुंबकाच्या मापाचा तसा तुकडा घालून बाकी मोटार तशीच ठेवता येते, आणि पुन्हा कधी वाटले तर जुना चुंबक परत बसवता येतो. लाभ उघड आहे : वीज कमी लागते, मोटार थंड राहते, ओढा वाढतो. हानीही नमूद केली पाहिजे : प्रबळ चुंबकामुळे तीन ध्रुवांचे अडखळणे उलट अधिक जाणवू शकते, कमाल वेग घटतो, आणि सामान्य प्रतीचा निओडिमियम चुंबक ८० अंश सेल्सियसच्या आसपास आपली शक्ती गमावू लागतो, ज्या उष्णतेचे अ‍ॅलनिकोला काहीच वाटत नसे.

दुसरा मार्ग क्षीण झालेला जुना चुंबक मोटारीतून न काढता पुन्हा चुंबकित करून घेण्याचा, व तिसरा आर्मेचर पुन्हा गुंडाळण्याचा. डब्लोसारख्या, चॅसी आणि मोटार एकजीव असलेल्या इंजिनांना मूळ मोटार जागीच ठेवणारे असे मार्गच खऱ्या अर्थाने मोकळे आहेत.

मेर्कलिनचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. ग्योपिंगेनच्या या कंपनीच्या जुन्या इंजिनांत कायमचा चुंबक नसून त्याच्या जागी विजेवर चालणारे वेटोळे असते, त्यामुळे ती उलटसुलट प्रवाहावर चालतात. डिजिटल नियंत्रण आल्यावर कंपनीने स्वतःच त्या वेटोळ्याच्या जागी बसणारा कायमचा चुंबक, पाच ध्रुवांचे आर्मेचर आणि ब्रशांची पाटी असा संच विक्रीस ठेवला. म्हणजे रूपांतराला मूळ निर्मात्याचीच मान्यता मिळाली, आणि म्हणूनच मेर्कलिनच्या क्षेत्रात हा वाद ब्रिटनमधल्याइतका तीव्र झालेला दिसत नाही. ब्रिटिश इंजिनांच्या बाबतीत असा मान्य मार्ग आखून देणारे कोणी नव्हते; ज्याने त्याने आपली वाट शोधली. अलीकडे जुन्या चौकटीच्या मापाचा, त्रिमिती छपाईने तयार केलेला आधार मिळू लागल्याने चॅसीला कानस न लावता तिच्यात नवी मोटार बसवता येते, ही या मधल्या मार्गातील ताजी भर म्हणावी लागेल.

६. दंतचक्रांचा हिशेब

या साऱ्या चर्चेत ज्या अंगाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, ते म्हणजे मोटार आणि आस यांना जोडणारी दंतचक्रे. जुन्या इंजिनांत बहुधा मोटारीच्या दांड्यावर, ज्याला कारखान्यात वर्म म्हणतात ते मळसूत्र असते, आणि ते आसावरील दंतचक्राला फिरवते. मोटारीच्या किती फेऱ्यांत चाकाचा एक फेरा व्हावा हे या जोडीवर ठरते, आणि ते गुणोत्तर मूळ कारखान्याने मूळ मोटारीच्या स्वभावाला जुळवून निवडलेले असते.

एक हिशेब मांडून पाहू. 'ए फोर' वर्गाच्या खऱ्या इंजिनाची चालकचाके ६ फूट ८ इंच व्यासाची होती. चार मिलिमीटरच्या प्रमाणात ती सुमारे २६.७ मिलिमीटरची होतात आणि त्यांचा परीघ जवळजवळ ८४ मिलिमीटर भरतो. मोटार मिनिटाला १२,००० फेरे करते आणि गुणोत्तर चाळिसास एक आहे असे समजले, तर चाक सेकंदाला पाच फेरे करील, इंजिन ४२ सेंटिमीटर पुढे जाईल, आणि प्रमाणात गुणल्यास हा वेग ताशी ११५ किलोमीटरच्या घरात येईल, जो प्रवासी गाडीस शोभून दिसतो. तीच मोटार विसास एक गुणोत्तरावर बसवली तर वेग ताशी २३० किलोमीटर होतो. आणि याच वर्गातील 'मॅलर्ड' इंजिनाने जुलै १९३८ मध्ये वाफेच्या इंजिनांचा जो विक्रम केला तो ताशी सुमारे २०३ किलोमीटरचा होता. सारांश, जलद फिरणारी नवी मोटार जुन्या दंतचक्रांवर बसवून 'चाल सुधारली नाही' अशी तक्रार करणाऱ्याने मोटारीऐवजी गुणोत्तराकडे बोट दाखवायला हवे असते.

बसवणीच्या कामातही सूक्ष्म अडचणी आहेत. मळसूत्र आणि दंतचक्र एकमेकांत अति घट्ट बसली तर मोटार कण्हते, अति सैल बसली तर दात झिजतात. दोहोंमध्ये पातळ कागदाचा कपटा अडकवून मोटार कसायची आणि मग कपटा फिरवून बाहेर काढायचा, ही जुनी युक्ती अजूनही उत्तम समजली जाते. मळसूत्र फिरताना दांड्याला लांबीच्या दिशेने रेटा देते. जुन्या मोटारीची बेअरिंगे तो रेटा सहन करण्याइतकी दणकट असत, लहान डबीच्या मोटारींची सगळीच तशी नसतात. शिवाय जुनी मोटार जड असल्यामुळे तिचा भार चालकचाकांवर पडून त्यांची रुळावरची पकड वाढत असे. हलकी मोटार बसवल्यावर शिशाचे तुकडे भरून ते वजन परत दिले नाही तर चाके जागच्या जागी फिरतात आणि गाडी मात्र हलत नाही.

चॅसीची प्रकृतीही तपासून घ्यावी लागते. जस्ताच्या ओतीव मिश्रधातूत शिशासारख्या अशुद्ध द्रव्याचा अंश राहिला असेल तर कालांतराने धातू आतून कुजतो, फुगतो आणि तडकतो. विशेषतः युद्धपूर्व मालात हा रोग आढळतो. अशा चॅसीतून मोटार ओढून काढण्याचा प्रयत्न म्हणजे भिजलेल्या मातीच्या भिंतीतून खुंटी उपटणे होय.

७. डिजिटल नियंत्रणाने घातलेली भर

डिजिटल नियंत्रणात रुळांवर सदैव पूर्ण दाबाची वीज असते आणि प्रत्येक इंजिनातील डिकोडर नावाचे लहान यंत्र आपल्यापुरता हुकूम ओळखून मोटारीला वीज देते. यामुळे वादाला एक नवे परिमाण मिळाले, कारण आता मोटार बदलण्यामागे हौशीशिवाय विद्युत्शास्त्राचे कारणही उभे राहिले. जुन्या उघड्या मोटारीत एक ब्रश चौकटीला, आणि चौकटीमार्गे रुळाला, जोडलेला असे. डिकोडर बसवायचा तर दोन्ही ब्रश चॅसीपासून पूर्ण अलग असले पाहिजेत. हे अलगीकरण विसरले गेले तर वीज देताच डिकोडर जळतो. चाके अडकली असता जुनी मोटार जेवढी वीज खेचते ती लहान डिकोडरच्या ताकदीबाहेर जाऊ शकते, हाही धोका आहे.

यावर चालकपक्ष म्हणतो की डिजिटल हवे असेल तर नवी मोटार हाच सुरक्षित मार्ग. संरक्षणवादी उत्तर देतात की एका ब्रशाला वेगळे करणारी पुठ्ठ्याची किंवा प्लॅस्टिकची चकती आणि ताजा चुंबक एवढ्यावर जुन्या मोटारीही डिजिटल झाल्या आहेत, आणि ज्यांना ते नको त्यांच्यासाठी साधी एकदिश वीज कोठे पळून गेलेली नाही. दोन्ही विधाने आपापल्या जागी खरी आहेत. उलट गाभारहित मोटारींना जाड, सावकाश ठोके देणारे जुने नियंत्रक मानवत नाहीत. त्यांना उच्च वारंवारतेचा सूक्ष्म प्रवाह हवा असतो. म्हणजे नवी मोटार घेणाऱ्याला नियंत्रकही नवा घ्यावा लागण्याचा संभव आहे, आणि एका बदलापोटी दुसरा बदल येतो.

८. अनिर्णित प्रश्न

पहिला अनिर्णित प्रश्न पुरवठ्याचा. ज्या माशिमा मोटारींच्या भरवशावर असंख्य रूपांतरे झाली, त्यांचे उत्पादन बंद झाले, आणि ज्यांनी त्यांच्या मापाचे आधार, दंतचक्रे आणि नकाशे तयार केले होते त्यांना नव्याने मापे घ्यावी लागली. आज सुलभ असलेली मोटार तीस वर्षांनी मिळेल काय, आणि न मिळाल्यास आजचे रूपांतर उद्याची अडचण ठरेल काय, याचे उत्तर काळच देणार आहे. या कसोटीवर एक्स ०४ सारखी जुनी मोटार अनपेक्षितपणे पुढे राहते, कारण तिचे सुटे भाग आजही मिळतात.

दुसरा प्रश्न मूळपणाच्या घटकाचा. खऱ्या इंजिनात बॉयलर बदलला तरी चालतो, कारण ओळख चौकटीशी बांधलेली आहे असे तेथे गृहीत धरतात. नमुना-इंजिनात ओळख कायेशी, चॅसीशी की मोटारीशी बांधावी यावर एकमत नाही. डब्लोत चॅसी हीच मोटार असल्याने उत्तर एक येते, ट्राय-अँगमध्ये मोटार सुटी असल्याने दुसरे येते. आणि एका मालिकेच्या अनुभवावरून काढलेला नियम दुसरीला लावण्यातून पुष्कळसा गैरसमज उत्पन्न होतो.

तिसरा प्रश्न ज्या ठिकाणी गाड्या लोकांसमोर चालवून दाखवल्या जातात तेथील आहे. पुण्यात कोथरूडला कर्वे रस्त्यावर १९९८ पासून असलेल्या जोशी यांच्या मिनिएचर रेल्वे संग्रहालयासारख्या ठिकाणी प्रेक्षक येतो तो गाडी धावताना पाहायला. असे कोणतेही धावते प्रदर्शन घेतले तरी तेथे यंत्राची झीज हीच त्याची रोजची किंमत असते, आणि मूळ सुटे भाग जपावेत की धावती गाडी जपावी हा पेच कपाटातल्या संग्रहाहून निराळ्या स्वरूपात समोर येतो. व्हेनिस सनदेतील तत्त्वे स्थिर वास्तूंसाठी लिहिलेली असल्याने चालत्या वस्तूंच्या या पेचाला ती अर्धेच उत्तर देतात.

चौथा प्रश्न नोंदीचा आहे. विक्रीच्या वेळी मोटार बदलल्याचे सांगावे, याबद्दल कोणाचे दुमत नाही. पण काय सांगावे, कोठे लिहावे, काढलेली मोटार सोबत द्यावी की नाही, याचा सर्वमान्य रिवाज अद्याप पडलेला नाही. वरून इंजिन पाहून आतला फेरफार कळत नसल्याने खरेदीदाराची भिस्त विक्रेत्याच्या सचोटीवरच राहते.

९. समारोप

सर्व बाजू एकत्र ठेवून पाहिल्या असता असे दिसते, की हे दोन पक्ष एकाच वस्तूविषयी बोलत असले तरी त्यांची मापे वेगळी आहेत : एक काळ मोजतो, दुसरा चाल मोजतो, आणि हुबेहूबपणाचा उपासक केबिनमधली मोकळी जागा मोजतो. ही मापे एका तराजूत घालता येत नाहीत, म्हणून वादाचा एकच निवाडा संभवत नाही. परंतु काही गोष्टींवर मतभेद जवळजवळ उरलेले नाहीत. मोटारीला दोष देण्यापूर्वी चाके, पट्ट्या आणि तेल तपासावे. चॅसी कापावी लागेल असा बदल शेवटी करावा, चॅसीला धक्का न लावणारा आधी. मोटार निवडण्यापूर्वी गुणोत्तराचा हिशेब करावा. आणि काढलेला कोणताही भाग टाकून देऊ नये.

शेवटच्या या गोष्टीला खर्च येत नाही, पण तिच्यामुळे दोन्ही पक्षांचे पुष्कळसे समाधान होते. काढलेली मोटार, चुंबक तिच्या चौकटीतच राहू देऊन, मेणकागदात गुंडाळून इंजिनाच्याच पेटीत तळाशी ठेवावी; सोबत एक चिठ्ठी असावी, तीत काम केल्याची तारीख, नव्या मोटारीची जात आणि माप, शिशाचे वजन कोठे भरले ती जागा, आणि दंतचक्रांचे गुणोत्तर लिहावे. हे गुणोत्तर लिहायचेच पुष्कळांचे राहून जाते. आणि पुढे कधी पेटी उघडणाऱ्याला, मग तो जुनी मोटार परत बसवणारा असो की तिसरीच आणणारा, नेमका तोच आकडा आधी हवा असतो, नाहीतर त्याला दंतचक्राचे दात भिंगाखाली एकेक करून मोजत बसावे लागते.